शमुवेल काकांचं नाव येईल तेव्हा

करडई वाळून तिचे काटे टोचायला लागले की आमचा लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास, येतो. असं कुठल्या कॅलेंडरात लिहिलेलं नाही, हा आमच्या आईचा हिशेब. देगलूरच्या बाहेर उदगीरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना करडईची रानं आहेत. फुलं सुकून नुसती काटेरी बोंडं उरली की आई म्हणते, "आला बग राखेचा बुधवार." कधी तिचा अंदाज आठवड्यानं चुकतो, कधी पंधरवड्यानं. तिला त्याचं काही नाही. तिच्या मते चुकतं ते चर्चचं.

यंदाही आला. पाळकसाहेबांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, मातीतून आलो आणि मातीलाच मिळणार अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले, आणि मी मनात म्हटलं, मिळाले की एक जण. शमुवेल काका या हिवाळ्यात गेले. आमच्या कब्रस्तानात, फाटकाशेजारच्या लिंबाखाली, सावलीची ऐसपैस जागा मिळाली त्यांना. मिळणारच. काका मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजाचे, सेक्रेटरी होते आणि त्या फाटकाची किल्ली जन्मभर त्यांच्याच खिशात होती.

मला शमुवेल काका आवडत नव्हते. मेले म्हणून आवडायला लागले असंही झालेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल बोलावं. अंत्यविधीला त्यांच्यावर चार भाषणं झाली, शिस्तीचा माणूस, नियमाचा माणूस, कळपाचा राखणदार. मी मागच्या बाकावर बसून पायातली चप्पल काढत-घालत होते.

आता आमची एक रीत सांगायला हवी. ईस्टरच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सगळी मंडळी कब्रस्तानात जमते. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असतो, वर झेंडू ठेवलेला असतो, ज्याच्या त्याच्या हातात मेणबत्ती असते. गाणी होतात, प्रार्थना होते, आणि मग एकेका घरानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव घेतलं की उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "उठंल." प्रभू कबरेतून उठला तसं हे माणूसही एक दिवस उठंल, असा त्याचा अर्थ. आमच्या वडिलांचं नाव आई घेते. लोक उठंल म्हणतात, आई पदरानं तोंड पुसते आणि वर्षभराचं काम झाल्यासारखी घरी येऊन चहा टाकते. दुसऱ्या गावच्या मंडळ्यांत मी ही रीत पाहिलेली नाही. आमच्याकडे मात्र नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही, असं होत नाही. आजवर एकाच माणसानं एका नावाला तोंड मिटून घेतलेलं मी पाहिलं आहे.

यंदा मार्था काकू, म्हणजे शमुवेल काकांची बायको, नवऱ्याचं नाव घेणार. आणि त्या नावाला मलाही उत्तर द्यायचं आहे. लोक लेंटमध्ये मटण सोडतात, मीही सोडलं आहे. त्याला काही लागत नाही. माझा यंदाचा लेंट सगळा त्या एका शब्दापाशी अडून बसला आहे.

सुली माझी धाकटी बहीण. सुलोचना, पण ते नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर. ती उदगीरला शिकायला गेली आणि तिथल्या बसवराजशी तिनं कोर्टात लग्न केलं. बसवराज लिंगायत, आडत दुकानदाराचा मुलगा, स्वभावानं इतका गरीब की आई म्हणायची, ह्याला पोरीनंच पळवलं असंल. दोन्हीकडची दारं बंद झाली. त्याच्या वडिलांनी, संगप्पा अण्णांनी, सुनेशी बोलणं टाकलं. आमच्या पंच कमिटीनं तिचं नाव मंडळीतून कमी केलं. तिनं दोन्हीकडं फार मनावर घेतलं नाही. भाड्याच्या खोलीत ती बायबल उशाशी ठेवायची आणि नवऱ्यासाठी विभूतीची डबी देवळीत ठेवायची, आणि मला फोनवर सांगायची, "आमच्यात भांडण फक्त पंख्याच्या नंबरावरून होतं."

मग कावीळ झाली. लातूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती पोटात पसरली होती. सुली तिथंच गेली.

आईचं म्हणणं एवढंच होतं की पोरीला बापाशेजारी ठेवा. जागा होती. मी किल्ली मागायला शमुवेल काकांकडे गेले. ते ओसरीवर आरसा टांगून दाढी करत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि गालावरचा वस्तरा काही थांबवला नाही.

"कळप सोडून गेली ती. नियम हाय," म्हणाले.

"काका, बापाच्या शेजारी जागा हाय तिला."

"जागा हाय गं. नियम न्हाई."

कमिटीतल्या बाकीच्यांकडे गेले. सगळ्यांचं एकच, सेक्रेटरीला विचारा. रुग्णवाहिका आमच्या दारात उन्हात उभी. ड्रायव्हर बिचारा लिंबाची डहाळी घेऊन आतल्या माश्या वारत होता. तेवढ्यात बसवराजचा फोन वाजला. संगप्पा अण्णा होते, सुनेशी एक शब्द न बोललेले. म्हणाले, "इकडं आणा तिला. आमच्या मातीत जागा हाय."

लिंगायतांमध्येही पुरतात, हे मला ठाऊक होतं. पण ते माणसाला बसवून पुरतात, ते डोक्यातून गेलं होतं. आम्ही उदगीरला पोचलो तर चौकोनी खड्डा तयार होता. अण्णांनी आईला बाजूला घेतलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळे लाल. "आमच्यात बसवून ठेवतात, बाई. तुमच्यात कसं?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "निजवा, अण्णा. लई थकली हाय ती."

अण्णांनी खणणाऱ्यांना हात केला. त्यांनी पुन्हा कुदळी उचलल्या आणि तो चौकोनी खड्डा सुलीच्या उंचीएवढा लांब केला. आम्ही सगळे, त्यांचे आणि आमचे, उन्हात उभं राहून ते बघत होतो. सुलीच्या सासूनं पेटीतून नवं इरकली लुगडं आणून तिच्यावर घातलं. पाळक नव्हताच. आईनं एकटीनं प्रभूची प्रार्थना म्हटली, आणि शेवटी आमेन म्हणायला मी, बसवराज आणि संगप्पा अण्णा.

त्या वर्षीच्या ईस्टरला आईनं कब्रस्तानात सुलीचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. "हितं पुरलेल्यांचीच नावं," म्हणाले. आई गप्प बसली. पुढेही वर्षानुवर्षं गप्प बसली. मी मात्र काकांचा सलाम घेणं सोडलं. आमच्या मंडळीत रस्त्यात भेटलं की एकमेकांना सलाम म्हणतात. ते म्हणायचे, मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

तर एक लेंट मला करडईच्या काट्यांसकट आठवतो, तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. नवे पाळकसाहेब आले होते, तरुण, नगरकडचे, शुद्ध बोलणारे. लेंटमध्ये आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनासभा असते. पूर्वी तबला-पेटी, दणदणीत गाणी, देवाच्या अनुभवाच्या साक्षी आणि शेवटी खाणं. उपास असला तरी खाण्यात कुणी मागं राहत नाही, आज यांच्याकडे सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, तर उद्या त्यांच्याकडे सुशीला आणि वर भजी. नव्या पाळकांनी तबला बंद केला. म्हणाले, या वर्षी आपण मनन-वाचन करायचं. सबंध लेंट एकच उतारा. तो चारदा सावकाश वाचायचा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा आपल्याला कोणता शब्द अडवतो ते बघायचं. तिसऱ्यांदा त्या शब्दाबद्दल देवाशी बोलायचं. चौथ्यांदा काहीच करायचं नाही, बसून राहायचं. आणि मग ज्याचा त्यानं आपला शब्द मोठ्यानं सांगायचा. दुसऱ्याच्या शब्दावर कुणी काही बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. पाळकसाहेबांनी पहिलं वाचन केलं आणि डोळे मिटून गप्प झाले. आमच्या मंडळीला प्रार्थनेत गप्प बसायची सवयच नाही. कुणाला वाटलं साहेब पुढचं विसरले, कुणाला वाटलं चक्कर आली. शेवटी एका म्हातारबांनी त्यांची लाज राखायला खणखणीत आवाजात गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं टाळ्या धरल्या. पाळकसाहेबांनी ते पूर्ण होऊ दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मला ती शांतता आवडली नाही. शांततेत माणूस एकटा सापडतो. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. त्या वर्षी रोजेही लेंटमध्येच आले होते. मगरीबची अजान झाली की गल्लीतले लोक खजूर तोंडात टाकायचे आणि आम्ही डोळे मिटायचो. उघड्या खिडकीतून हळद शिजवल्याचा वास यायचा, कडवट, घशाला धरणारा. त्या वासात मी रोज बसायचे आणि रोज समोर शमुवेल काका असायचे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात किल्ली.

उतारा होता प्रभूला कबरेत ठेवल्याचा. अरिमथाई गावचा एक श्रीमंत माणूस येतो, देह मागून घेतो, स्वच्छ कापडात गुंडाळतो आणि स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेल्या नव्या कबरेत ठेवतो, दाराशी मोठी धोंड लावतो आणि जातो. ना नात्याचा, ना त्या बारा शिष्यांपैकी. जवळचे सगळे कुठं गेले होते ते शास्त्रात दुसरीकडे लिहिलं आहे.

दुसऱ्या वाचनात मला शब्द सापडला. सापडला म्हणजे त्यानं मला अडवलंच. माझी पाळी आली तेव्हा मी काकांकडे बघून म्हटलं, "स्वतःची."

स्वतःची कबर दिली त्यानं. एवढंच. पुढं काही सांगायची गरज नव्हती, आणि नियमाप्रमाणे कुणाला काही विचारताही येत नव्हतं. काकांचा शब्द होता धोंड. ते तो रोज म्हणायचे, घट्ट, कुलूप लावल्यासारखा. मी रोज म्हणायचे, स्वतःची. एका घरी, दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. पाळकसाहेबांना वाटलं ही बाई फार खोल चालली आहे. मननानं म्हणे मन निवतं. माझं रोज धारेला लागत होतं. माझ्या जन्मात मला इतकं चांगलं हत्यार कुणी दिलं नव्हतं, आणि तेही चर्चनं दिलेलं.

आई सबंध लेंट काही बोलली नाही. तिची पाळी आली की ती मान हलवायची आणि शेजारची बाई बोलायची.

दुःखसहनाच्या आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, बुधवारी सभा शमुवेल काकांच्या घरी आली. सुलीच्या वेळेनंतर मी त्या ओसरीवर पहिल्यांदाच चढले. आरसा तिथंच टांगलेला होता. मार्था काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, सभेत कधी न बोलणाऱ्या, हातात सुशीलाची परात. चार वाचनं झाली. काका म्हणाले, "धोंड." मी म्हटलं, "स्वतःची."

काकांचा चेहरा लाल झाला. "पाळकसाहेब, ही पोरगी महिनाभर मला मारून राहिली. हे मनन हाय का भांडण?"

पाळकसाहेबांनी मान खालीच ठेवली. "काका, दुसऱ्याच्या शब्दावर बोलायचं नाही, असा नियम आहे," म्हणाले.

मला हसू आवरेना. नियम हाय. काकांच्या घरात, काकांच्याच सतरंजीवर. मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात आई बोलली, इतक्या हळू की पंखा बंद करायला हवा होता.

"कापड," आई म्हणाली.

मग दारातून मार्था काकूंचा आवाज आला. नियमबियम काही नाही, सरळ विचारलं त्यांनी, "कुणाचं लुगडं घातलं होतं हो पोरीवर?"

"सासूचं," आई म्हणाली. "कोरं इरकली. घडी मोडलेली न्हवती."

काकूंनी परात खाली ठेवली. काका म्हणाले, "प्रार्थना करा आता, उशीर होऊन राहिला." प्रार्थना झाली. सुशीला कुणी दुसऱ्यांदा मागितला नाही.

त्या ईस्टरला आम्ही गेलो तेव्हा अजून अंधार होता. करडई काढणारे अशाच वेळी रानात जातात, कारण दवानं काटे नरम पडलेले असतात. काकांनी फाटक उघडलं. गाणी झाली, नावं सुरू झाली. आईनं वडिलांचं नाव घेतलं, लोकांनी उठंल म्हटलं. आई नेहमीसारखी मागं सरकली नाही. मेणबत्ती दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "सुलोचना."

कुणी हललं नाही. सगळी मंडळी काकांकडे बघत होती, आणि काका लिंबाच्या शेंड्याकडे. या वेळी त्यांनी हात वर केला नाही, एवढं मात्र खरं. महिनाभर ज्या तोंडानं मी वार केले, तेच कोरडं पडलं.

"उठंल," मार्था काकू म्हणाल्या. एकट्या. नवऱ्याच्या शेजारी उभं राहून.

मग इकडून एक, तिकडून दोन, असं करत सगळे म्हणाले. एका आवाजात नाही, विस्कटलेलं. मीही म्हटलं. पण माझे डोळे काकांच्या तोंडावर होते आणि ते तोंड मिटलेलं होतं. त्यानंतर दर ईस्टरला आई सुलीचं नाव घ्यायची, मंडळी उत्तर द्यायची, आणि मी काकांच्या ओठांकडे बघायचे. एकदाही हलले नाहीत. पाळकसाहेब एकदा घरी येऊन क्षमेबद्दल बोलले. मी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. क्षमा दिली नाही, कारण ती मागायला काका आले नव्हते.

ते पाळकसाहेब बदलून गेले. नव्यांनी तबला परत आणला. मनन-वाचन आता आमच्या घरात, आईत आणि माझ्यात, सकाळी दूध तापायच्या आत होतं. यंदाही मी तोच उतारा घेतला. हत्यार म्हणून घ्यावं तर समोर कुणी नाही. मग पहिल्यांदाच माझं लक्ष त्याच्या शेवटाकडे गेलं. धोंड लावून माणूस निघून जातो, आणि दोन बायका कबरेसमोर बसून राहतात. काही करत नाहीत. नुसत्या बसतात. इतक्या वेळा वाचून मी त्या बायकांना कधी पाहिलंच नव्हतं. आणि आता दुसरं काही दिसत नाही. मीही बसलेच आहे की, लिंबाखालच्या त्या नव्या कबरेसमोर. प्रेमानं नव्हे. पण उठवत नाही तिथून.

परवा मार्था काकू आल्या. वाळल्या आहेत. बराच वेळ उन्हाबद्दल बोलल्या, हरभऱ्याबद्दल बोलल्या, आणि उठताना म्हणाल्या, "ह्यांचं नाव मीच घेणार हाय. तू येशील न्हवं?"

"येईन," मी म्हटलं. त्यांनी पुढं विचारलं नाही. न विचारण्यातच त्यांनी सगळं विचारलं.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "तोंड शिवून उभी ऱ्हाशील तर तुझ्यात अन् त्याच्यात फरक काय?"

"फरक हाय," मी म्हटलं. "माझ्या खिशात किल्ली न्हवती."

आई हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "ते बी खरंच हाय." आणि दूध उतरवायला गेली.

त्या दिवसापासून रोज सकाळी चौथ्या वाचनानंतर, काहीच करायचं नाही त्या वेळात, मी तो शब्द तोंडात धरून बघते. पहिले काही दिवस तो थुंकावासा वाटला. मार्था काकूंसाठी म्हणावा असं मनात आलं. त्यांचं देणं माझ्यावर आहेच, पण तो शब्द त्यांच्यासाठी नसतो, कबरेतल्या माणसासाठी असतो. काकांना माफ करून म्हणावा, तर ते खोटं होईल, आणि कब्रस्तानात पहाटे खोटं बोलायची माझी छाती नाही. आज सकाळी मात्र करडईच्या रानावरून वारा आला, आई शेवटची ओळ वाचत होती, आणि मला माझं उत्तर सापडलं.

मी म्हणणार. सगळ्यांत मोठ्यानं म्हणणार. काका उठले नाहीत तर ते सुटले. तसं नको. त्यांनी उठावं, सदऱ्यावरची माती झाडावी, फाटक स्वतःच्या हातानं उघडावं आणि उदगीरच्या रस्त्याला लागावं. तिकडे लिंगायतांच्या मातीत, लांब केलेल्या त्या खड्ड्यात, कोऱ्या इरकलीतून माझी बहीण उठून बसलेली असेल, शेजारी संगप्पा अण्णा असतील. तिच्यासमोर उभं राहून काकांनी तिचं नाव घ्यावं. जो शब्द त्यांनी इतकी वर्षं दातांत धरून ठेवला, तो तिच्या तोंडावर म्हणावा. पुढचं सुली बघेल. ती हसून सोडूनही देईल, तिचा स्वभावच तसा. मी नाही सोडणार.

मार्था काकूंनी नाव घेऊ दे.

उठंल. उठल्याशिवाय सोडते का मी त्यांना.